दुसरा बार

कोणतीही वस्तू हातात आली की सर ती आधी कानाजवळ नेत. पापडाचा तुकडा, चहाबरोबरचं बिस्किट, खडू, आगकाडी. कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबायचे, ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "सादळलं रं."

बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्या घाटाखालच्या कर्जतकडे सादळणं हा अपघात नसतो, ऋतू असतो. मिठाला पाझर फुटतो, कपाटाची दारं फुगतात, पुस्तकांवर बुरशीची साय धरते. मी माझ्याकडचे थोरामोठ्यांचे ग्रंथ दर दिवाळीत उन्हात घालतो. त्यांतले काही मुळातच सादळलेले होते, हे मला सरांच्या सहवासात कळलं.

हा शब्द ते माणसांनाही लावत. एकदा नवे मुख्याध्यापक आले आणि पहिल्याच सभेत त्यांनी 'संस्थेची पुढची झेप' या विषयावर भाषण केलं. झेप लांबतच गेली. सर माझ्याकडे झुकले. "भाषावाले, ऐकताय ना? दाबून बघा. आवाजच येत नाय. सादळलाय." मी मराठी शिकवायचो, म्हणून मी भाषावाले.

सर आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक होते. अंगानं काटक, पांढरी पँट, पांढरे बूट, कॉलरला अडकवलेली शिट्टी. घर खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, मागे भाताची दोन-चार खाचरं. तुमच्याही शाळेत असा एक माणूस असेल, की ज्याचा विषय परीक्षेत नसतो आणि जो म्हणून पावसात इतरांचे तास घेत फिरतो. पण तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आल्या की आमच्या सरांचं वजन एकदम वाढायचं. धावण्याच्या शर्यतींचे स्टार्टर तेच असत. दंडाला लाल पट्टी बांधून, छोटं पिस्तूल हातात घेऊन ते मैदानात उतरले की आमदाराच्या चालीत आणि त्यांच्या चालीत फारसा फरक उरत नसे. मला डामडौलाचं वावडं आहे. तो लाल पट्टीचा डौल मात्र मी चालवून घ्यायचो, कारण त्याच्या मागे निदान काहीतरी काम होतं.

पिस्तूल शाळेचं होतं, फार जुनं, दोन नळ्यांचं, प्रत्येक नळीला आपला घोडा आणि आपला चाप. गोळी वगैरे काही नाही. प्रत्येक नळीच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढी वाटी, तिच्यात दिवाळीच्या टिकल्या ठेवायच्या, एकावर एक तीन. मग चाप ओढला की घोडा टिकल्यांवर आपटायचा आणि बार व्हायचा. भरताना घोडा एका हाताच्या अंगठ्यानं मागे धरून ठेवावा लागे, आणि त्याची स्प्रिंग अशी ताठ, की बहुधा कुणा लष्करी माणसानं मुलांवर सूड म्हणून ती बसवली असावी. मग दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी टिकल्या वाटीत ठेवायच्या. एक नळी भरली की दुसरी.

"दोन नळ्या कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"पहिला बार पळायला. दुसरा परत बोलवायला."

शर्यतीत एखादं पोर बार व्हायच्या आत सुटलं तर लगेच दुसरा बार काढायचा. तो ऐकला की सगळ्यांनी थांबायचं, मागे यायचं, पुन्हा ओळीवर उभं राहायचं. सरांचं सगळं तत्त्वज्ञान या दुसऱ्या बारात होतं. "पहिला बार कुणीबी काढील, भाषावाले. पावण्यालाबी जमतो. दुसरा काढायला माणूस जागा पायजे." मुलांना ते हीच गोष्ट वर्षभर शिकवत. "शेजारची आधी सुटली तर तू तिच्या मागं धावू नकोस. थांब. दुसरा बार येणार म्हंजे येणार. दुसऱ्यानं घाई केली म्हणून कुणी हरत नसतं."

मी पुष्कळ वाचलेलं आहे आणि त्यावरून माझं मत असं, की दुसऱ्यानं घाई केली म्हणूनच बहुतेक लोक हरतात. पण मैदानावर मी गप्प बसायचो.

स्पर्धा सप्टेंबरात भरत, म्हणजे पाऊस संपला असं कागदावर ठरल्यानंतर. टिकल्या मात्र आदल्या दिवाळीच्या. त्या वर्षभर कोरड्या ठेवणं ही सरांची खरी तपश्चर्या. ते त्या तांदळाच्या डब्यात ठेवत. तांदूळ ओल पितो, हे त्यांच्या आईनं त्यांना कधी सांगितलेलं. टिकल्यांची पुडी बांधून डब्याच्या तळाशी.

एके वर्षी पुडी फुटली. वहिनींना कसली कल्पना? त्यांनी भाकरीसाठी त्याच डब्यातले तांदूळ गिरणीत पाठवले. गिरणी सुरू झाली, आणि जात्यात फट्. मग फट् फट्. गिरणीवाला पट्टा तसाच सोडून बाहेर पळाला. गावात बातमी झाली, की पीटी सरांच्या घरचा तांदूळ फुटतो. वहिनी पीठ न घेताच परत आल्या. रात्रीचं जेवण झालं की नाही ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते खुशीत. "म्हंजे कोरड्या हायेत," ते म्हणाले.

पाहुण्यांची एक आठवण सांगतो. एका वर्षी उद्घाटनाला जे पाहुणे आले त्यांनी गावाकडची जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकून पांढरी गाडी, पांढरे कपडे आणि कमरेला परवान्याचं खरं पिस्तूल असा संसार थाटलेला. त्या पिस्तुलाला दोन माणसं लागत, एक बाळगायला आणि एक फोटो काढायला. सरांच्या हातातलं पिस्तूल पाहून ते सरांना एकदम पिस्तुलांतले जाणकार समजले. बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमी यातले हायेत. माझं मॅगझीन भरताना अंगठा लय दुखतो. शेवटच्या दोन गोळ्या तर जातच नायत. काय युक्ती हाय का?"

सरांनी खरं पिस्तूल जन्मात हातात घेतलं नव्हतं. तरी त्यांनी गंभीरपणे विचार केला. "स्प्रिंगशी भांडायचं नाय, साहेब. अंगठ्यानं दाबलं की अंगठा हरतो. हात टेबलावर टेकवा आणि अंगाचा भार द्या. आणि शेवटच्या दोन जात नायत तर नका घालू. कुणावर एवढ्या झाडणार हाय?"

पाहुणे हसले. सर पुढे म्हणाले, "आमच्या पिस्तुलाला पोरं तरी पळतात."

पाहुण्यांना ते कळलं नाही. त्यांना उद्घाटनाचा बार स्वतः काढायचा होता. सरांनी पिस्तूल त्यांच्या हाती दिलं. पाहुण्यांनी हात उंच केला, फोटोवाला बसला, चाप ओढला. टक्. पुन्हा टक्. "सादळलं वाटतं, साहेब," सर हळहळले. टिकल्या त्यांच्या खिशात होत्या. त्यांनी भरल्याच नव्हत्या.

हे सगळं आधीचं. पुढे फक्कीची रेघ बिघडली.

मैदानावर धावण्याच्या पट्ट्या आखायला पांढरी फक्की टाकतात. सरांची रेघ दोरीसारखी असे. एका वर्षी ती थोडी नागमोडी आली. मुलांनी लगेच हेरलं. "सर, ही लेन कुठं चालली? खोपोलीला?" सरही हसले. "फक्की सादळलीय रं. गोळे पडतात." मीही विश्वास ठेवला. त्यानंतर खडू सादळला, मग पेन सादळलं. सही करताना अक्षरं मुंगीएवढी येऊ लागली, ती कागद सादळल्यामुळे. चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा त्यांना सांगायला काही सुचलं नाही. त्यांनी बशी घेणं सोडलं.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी जरा आवरेल, जाणार नाही. सरांनी हे मला सांगितलं ते दुसऱ्याच कुणाची चौकशी केल्यासारखं. मग म्हणाले, "पिस्तूल भरता येत नाय, भाषावाले."

म्हणजे असं, की अंगठा घोड्यावर ठरत नव्हता. एकदा निसटला आणि टिकल्या बोटांतच फुटल्या. तर्जनीचं टोक काळं पडलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं नाही, वहिनींनी सांगितलं. "मी म्हटलं, द्या की दुसऱ्या कुणाला तरी ते काम. तर म्हणतात, दुसरा नुसता पळवील. परत कोण बोलवील?"

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचो. वहिनींच्या जुन्या पाटावर त्यांनी पिस्तुलाच्या आकाराची खाच कोरली होती. त्या खाचेत पिस्तूल बसवलं की ते धरून ठेवायला हात लागत नसे. घोड्याला सुतळीचा फास. पहिल्यांदा तो फास त्यांनी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणला. छान जमलं, पण मैदानात पांढरा बूट काढून हे कसं करणार? मग तो शर्टाच्या बटणाला अडकवून मागे झुकण्याची युक्ती निघाली. टिकली उचलायला बोटं नकोत, म्हणून आगकाडीच्या टोकाला मेणबत्तीचं मेण. काडी टिकलीवर टेकवली की टिकली तिला चिकटून येई. तीन टिकल्या आधीच मेणाच्या ठिपक्यानं जोडून ठेवायच्या, म्हणजे तीनदा थरथरायला नको. कोपर बरगडीला दाबून धरायचं. आणि श्वास सोडताना ठेवायची, घेताना नाही.

"सोडताना हात जरा ऐकतो," ते म्हणाले. "का ते डॉक्टरलाबी माहीत नसंल."

"तुम्ही हे लिहून ठेवा," मी म्हटलं.

"कुणासाठी? हात हलणारा स्टार्टर परत कोण नेमणार हाय?"

शाळेत तोवर एक तरुण शिक्षक आले होते. चांगला मुलगा. त्यांनी मोबाइलवर एक आवाज आणि त्याला जोडलेला स्पीकर आणला. बटण दाबलं की बंदुकीसारखा ठो. सरांनी तो ऐकला, स्पीकर कानाजवळ नेऊन हलकेच दाबला, पण निकाल दिला नाही. फक्त विचारलं, "यात दुसरा बार हाय का?"

"आहे ना सर. परत दाबायचं."

सरांनी स्पीकर परत दिला. त्यांची अपेक्षा असावी, की तो नसेल.

आता सुरेखाची गोष्ट सांगायला हवी. ती कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून चालत शाळेत यायची. हडकुळी, कमी बोलणारी, आणि धावताना मान जराही न हलवणारी. तिची वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, आणि पोरं कामाची झाली की आईबापांबरोबर जातात. तिच्या थोरल्या भावांची शाळा अशीच एका दिवाळीत संपलेली. सुरेखा नववीत होती. तालुक्यात पहिल्या दोघींत आली तर जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या मैदानात त्या वर्षी सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडणार होते. तिथं जेवण, शाळा, राहणं. भट्टी नाही. हे तिला सरांनी सांगितलं होतं आणि तिनं ते ऐकून फक्त मान हलवली होती. पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी अर्धा तास आधी यायला लागली.

तिची एकच खोड होती. शेजारणीनं जरा हालचाल केली की ही बिचकून तिच्याबरोबर सुटायची. सरांनी त्यावर सगळा उन्हाळा घालवला. ओळीवर तिला उभी करायचे, शेजारी दुसऱ्या मुलीला मुद्दाम आधी पळायला लावायचे. "थांब. थांब गं बाय. तुझ्यासाठी दुसरा बार हाय." जुलैपर्यंत ती दगडासारखी थांबायला शिकली.

तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. माझे उच्चार शुद्ध म्हणून सुरुवातीच्या ओळीवर नावं पुकारायचं काम माझ्याकडे. सर लाल पट्टी बांधून उभे होते. सकाळपासून त्यांनी एकेक शर्यत सोडली होती आणि प्रत्येक शर्यतीनंतर पाठ फिरवून, बटणाला फास अडकवून, काडीनं टिकल्या बसवल्या होत्या. वेळ लागत होता. तरुण शिक्षक दोनदा स्पीकर घेऊन जवळ येऊन गेले. "अजून नाय सादळलो," सर म्हणाले.

मुलींच्या दोनशे मीटरची अंतिम शर्यत लागली तेव्हा बक्षीस समारंभाचे पाहुणे आले. हे तेच, पांढऱ्या गाडीचे. त्यांना पुढे आणखी तीन कार्यक्रम होते, त्यामुळे कर्ण्यावर त्यांचं स्वागत सुरू झालं आणि मागोमाग गाणं लागलं. मी नावं ओरडून सांगितली. मुली ओळीवर बसल्या. सरांनी पिस्तूल उंच केलं. हात हलत होता, पण उंच धरला की सगळ्यांचाच हलतो.

"सेट."

सुरेखाच्या शेजारच्या पट्टीतली मुलगी सुटली. स्वच्छ दिसलं, आधीच सुटली. सरांचं बोट चापावर आलेलंच होतं, बार झाला. सगळ्या निघाल्या. सुरेखा दोन पावलं गेली, थांबली, आणि तिनं वळून सरांकडे पाहिलं.

सरांनी दुसरा चाप ओढला. टक्.

पुन्हा ओढला. टक्.

"थांबा," ते ओरडले. कंपवात आवाजालाही धरतो, हे मला तेव्हा कळलं. तो आवाज माझ्यापर्यंत जेमतेम पोचला. मीही ओरडलो. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, ती ओठांवर ठरेना. कर्ण्यावर पाहुण्यांच्या सामाजिक कार्याची माहिती चालू होती. मुली वळणावर गेल्या.

सरांनी न उडालेल्या टिकल्या गवतात झटकल्या आणि ते पिस्तूल पुन्हा भरू लागले. मी म्हटलं, "सर, राहू द्या." त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी फास बटणाला अडकवला. काडी हातातून गवतात पडली. ती त्यांनी शोधली नाही, बोटांनीच टिकल्या उचलल्या, त्या सांडल्या, पुन्हा उचलल्या. कोपर बरगडीला लावलं. श्वास सोडला. सुरेखा ओळीजवळ तशीच उभी होती, हात बाजूला सोडून, त्यांच्याकडे बघत. तिला घाई नव्हती. बार येणार होता.

पलीकडे शेवटच्या ओळीवरचा दोर तुटला. टाळ्या झाल्या. पंचांनी पहिल्या तिघींचे हात धरून त्यांना बाजूला नेलं.

तेव्हा दुसरा बार झाला.

मोठा झाला, कडक. सगळं मैदान वळलं. पाहुणेही दचकले, त्यांचा हात कमरेकडे गेला. मग कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. सर हात उंच धरून उभे होते.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. शर्यत पुन्हा घ्या म्हणून सर टेबलाजवळ गेले. मी बरोबर होतो. स्पर्धाप्रमुख सज्जन माणूस होता, म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारा.

"सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण परत बोलावल्याचा बार शर्यत चालू असताना व्हायला हवा."

"मी बोलावलं व्हतं."

"कुणाला ऐकू आलं?"

"तिला," सर म्हणाले. "ती थांबली ना."

"ती एकटीच थांबली. बाकीच्यांनी काय पाप केलं? आणि साहेबांना चारला निघायचंय."

साहेब तेवढ्यात जवळ आले. त्यांनी सरांना ओळखलं आणि प्रेमानं पाठीवर हात ठेवला. "सर, तुमी म्हणाला व्हता ना, स्प्रिंगशी भांडायचं नाय. आता तुमीच भांडताय." ते चांगल्या मनानं बोलत होते. अशी माणसं नेहमी चांगल्या मनानंच बोलतात.

मी त्या दिवशी खूप बोललो. नियम सांगितले, न्यायाबद्दल दोन वाक्यं बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि बक्षीस समारंभ सुरू झाला.

संध्याकाळी मैदान रिकामं झालं तेव्हा सर फक्कीच्या पोत्यावर बसले होते. पहिल्या प्रयत्नात न उडालेल्या टिकल्या त्यांनी गवतातून शोधून आणल्या होत्या. मी त्यांना सोपं जावं म्हणून म्हटलं, "हवाच अशी आहे. सादळल्या असणार."

त्यांनी टिकल्या कानाजवळ नेल्या. हात हलत असल्यामुळे कानावर नीट धरता येईनात. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दाबलं, ऐकलं.

"कोरड्या हायेत," ते म्हणाले. "नीट बसल्या नव्हत्या."

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून 'सादळलं' कधी ऐकलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं वाडीवर गेलो. माझी मोटरसायकल, सर मागे. गाडी जिथं थांबते तिथून पुढे चढ. घरांसमोर बोचकी बांधायला सुरुवात झाली होती. सुरेखाची आई कोंबड्या शेजारणीच्या हवाली करत होती. तिनं आम्हांला बसायला गोणपाट टाकलं. सरांनी येताना वाटेत काय बोलायचं याची तयारी केली होती, असं मला वाटतं, कारण ते ओठ हलवत होते. पण तिथं बसल्यावर ते गोणपाटाचा सुटलेला धागा ओढत राहिले. शेवटी आईच म्हणाली, "सर, तुमचं पिस्तूल उडलं नाय म्हून पोरगी भट्टीवर चालली, असं मनात आनू नका. ती तशीबी गेलीच असती. जिल्ह्याला काय कमी पोरी असत्यान?"

याहून दयाळू बोलणं मी ऐकलेलं नाही, आणि याहून वाईटही.

सुरेखा दाराशी उभी होती. सर म्हणाले, "बाय, पुन्ना नको थांबूस."

"पन सर, चूक तिची व्हती."

"व्हती. तरी पळायचं. मागं बघायचं नाय."

तिनं मान हलवली. पूर्वी दुसऱ्या बाराचं सांगितल्यावर हलवली होती, तशीच. उतरताना सरांचा तोल दोनदा गेला. मी हात धरला. त्यांनी धरू दिला.

पुढच्या वर्षी स्पर्धेला मोबाइलचा ठो आला. पिस्तूल शाळेच्या सामानातून बाद झालं आणि सर निवृत्त झाले. दोन्ही गोष्टींची दखल एकाच सभेत घेतली गेली. पिस्तूल त्यांनी मागून घेतलं. कुणाला नको होतंच.

मग ते घरी बसून ते भरायचे. रोज. पाटावर खाच, सुतळी, काडी, मेण. युक्त्या सुधारत गेल्या. काडीऐवजी काटा काढायचा चिमटा, त्याला मूठ म्हणून दाणे काढलेल्या कणसाचा बुरकुंडा, कारण जाड वस्तू हातात कमी थरथरते. फासाला गाठीऐवजी पडद्याची कडी. एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर दोन्ही नळ्या न सांडता, न थांबता भरल्या. मी खरोखर टाळी वाजवली. वहिनी आतून म्हणाल्या, "आता कुणाला पळवताय?" सरांनी पिस्तूल पाटावर ठेवलं आणि एकेक टिकली काढून परत पुडीत घातली. बार त्यांनी काढला नाही. माझ्या माहितीत पुन्हा कधीच काढला नाही.

सुरेखा मला एकदा दिसली. चौक गावच्या नाक्यावर भट्टीचा टेंपो थांबला होता, ती त्यातून पाण्याचा ड्रम उतरवत होती. कपाळावर कुंकू, अंगावर विटांची धूळ. तिनंच ओळखलं. "पीटी सर बरे हायेत ना?" मी हो म्हटलं. टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, ती पटकन चढली.

सरांना मी सांगितलं, की दिसली होती. त्यांनी विचारलं, "धावते का?"

"टेंपोत चढताना पाहिली," मी म्हटलं. "झटकन चढली."

"मागं बघितलं?"

"नाही."

त्यांनी समाधान मानलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नसतं. तोवर चेहराही ताठ झाला होता.

सर श्रावणात गेले. पाऊस उघडल्यावर मी वहिनींकडे गेलो. पडवीत त्यांच्या पांढऱ्या बुटांवर हिरवी बुरशी आली होती. वहिनींनी तांदळाचा डबा पुढ्यात आणून ठेवला. "शाळेची वस्तू हाय, भाऊजी. घेऊन जा. मला रोज तांदूळ काढताना हाताला लागते."

पिस्तूल फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी एक टिकली घेतली, कानाजवळ नेली, दाबली. सगळ्या मुलखात तेवढी एक गोष्ट कोरडी असावी.

"एक काढून बघा," वहिनी म्हणाल्या. "घरात आवाज नाय झाला कितीक दिवसात."

पाट त्यांनीच आणून दिला. माझे हात अजून ठीक आहेत. खाचेत पिस्तूल बसवलं, कडीतून फास ओढला, चिमट्यानं टिकल्या ठेवल्या. पहिली नळी, दुसरी नळी. सरांच्या पद्धतीनं श्वास सोडला. उगाचच, पण सोडला. मग अंगणात जाऊन हात वर केला.

बार झाला. आंब्यावरचे कावळे उठले, रस्त्यापलीकडचा कुत्रा भुंकला. धुराचा लहानसा ठिपका खाचराकडे गेला आणि विरला. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

मी दुसऱ्या नळीचा चाप ओढायला बोट नेलं.

"तो नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "उगाच वाट बघायला होतं."

मी चिमट्यानं टिकल्या काढल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या तांदळात खोल सारल्या आणि डब्याचं झाकण लावलं.